खडकावरचं सरासरी पाणी

बंदराच्या तोंडाशीच पाण्याखाली एक खडक होता, आणि त्या खडकावर किती पाणी आहे हे रोज सांगण्याचा पगार सरकार एका माणसाला देत असे. त्या माणसाला सगळं गाव तोंडावर फूटपट्टीकाका म्हणायचं, पाठीमागे नुसतं फूटपट्टी. आईवडिलांनी ठेवलेलं एक नावही त्यांना होतं, असं त्यांची बायको सांगायची. पण ते आता पगारपत्रकाबाहेर कुणी वापरत नव्हतं.

काम म्हटलं तर एवढंसं. धक्क्याच्या टोकाला पाण्यात एक जाड लाकडी काठी रोवलेली होती, तिच्यावर फुटांच्या खुणा. ज्या कुणी ती रोवली त्याला अक्कल होती, कारण शून्याची खूण त्याने बरोबर खडकाच्या माथ्याच्या पातळीला धरली होती. काठीवर सात दिसले की खडकावर सात फूट पाणी. डोकं चालवायची गरजच नाही. फूटपट्टी सकाळी सहापासून दर दोन तासांनी, शिवाय लाँच सुटायच्या आधी एकदा, काठी बघायचे आणि धक्क्यावरच्या काळ्या फळ्यावर खडूने आकडा लिहायचे. होड्या, मचवे, लाँचा, सगळे तो आकडा बघून सुटायचे. एकतीस वर्षांत खडकाला एकही बोट लागली नव्हती.

माणूस अगदी नाकासमोर चालणारा. कुणी वेळ विचारली तर बाकीचे लोक साडेदहा होत आले म्हणतात, हे म्हणणार दहा सव्वीस. मुलगी झाली तेव्हा लोक विचारायला आले, बाळ कसं आहे? हे म्हणाले, एक फूट आठ इंच. बायकोने आतून कपाळावर हात मारलेला साऱ्यांनी ऐकला. शिवाय सरकारी कागद म्हणजे यांना ब्रह्मवाक्य. एकदा वरून हुकूम आला होता की फळ्यावर फक्त पांढरा खडू वापरावा. एके दिवशी पांढरा संपला, पिवळा होता, तर या गृहस्थांनी चार तास फळा कोरा ठेवला. बावीस होड्या ताटकळल्या, नावाड्यांनी यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण पिवळ्या खडूला हात लावतील तर शपथ.

त्या एक फूट आठ इंचाच्या बाळाने पुढे लाँच चालवायचा परवाना काढला. खाडीच्या पलीकडे बुटांचा कारखाना होता, तिथल्या कामगारांना रोज नेणं-आणणं हे तिचं काम. भरलेल्या लाँचला साडेचार फूट पाणी लागे, म्हणून फळ्यावर पाच दिसल्याशिवाय ती सुटायची नाही. बाकीचे लाँचवाले खडकाजवळ आले की दोरीला बांधलेलं शिसं सोडून स्वतः खात्री करून घेत. तिने असली दोरी कधी ठेवलीच नाही. कुणी हटकलं की म्हणायची, "माझे बाबा लिहितात तो आकडा. मी डोळे मिटून जाते."

फूटपट्टींनी हे ऐकलं की ते फळा एकदा जास्त पुसायचे. लेकीचा हा विश्वास ही त्यांची एकुलती एक चैन होती म्हणा ना.

मग जगातल्या दोन बड्या देशांना एकाच सुमारास या बंदराचा पुळका आला.

एकाने येऊन खडकाच्या बाहेरच्या अंगाला नवा धक्का बांधला. केवढा, तर गावातल्या सगळ्या होड्या ओळीने लावल्या तरी निम्मा रिकामा राहील एवढा. दुसऱ्याने टेकडीवर रडार बसवलं, पांढराशुभ्र घुमट. गावाने त्यांची नावं ठेवून टाकली, धक्केवाले आणि टेकडीवाले. दोघांचंही म्हणणं एकच, हे सगळं निव्वळ तुमच्या भल्यासाठी. दोघं एकमेकांशी अक्षर बोलत नसत, पण दुसरा काय करतोय हे दोघंही गावातल्या न्हाव्याकडे रोज विचारायचे. न्हावी दोघांना वेगवेगळं सांगायचा आणि दोघांची दाढी फुकट करायचा. परराष्ट्र धोरणाची एवढी जाण राजधानीतही कुणाला नव्हती.

राजधानीने दोन दगडांवर पाय ठेवले होते आणि त्याला नाव दिलं होतं संतुलित मैत्री. टेकडीवरचा घुमट बघून शेजारच्या देशाची पाचावर धारण बसली, त्यांनी त्यांच्या टेकडीवर दुसरा घुमट बसवला. तो बघून इकडच्या घुमटाखालचा मनोरा तीस फूट वाढवला. तो वाढलेला बघून धक्केवाल्यांनी धक्क्याशी दोन करड्या युद्धनौका आणून बांधल्या, दिवाणखान्यात कुत्रे बांधावेत तशा. अशा रीतीने परिसराची सुरक्षितता महिन्यागणिक वाढत गेली, आणि माणसं महिन्यागणिक जास्त घाबरू लागली.

बुटांच्या कारखान्याचे तर हालच. तळवे यायचे धक्केवाल्यांकडून, तयार बूट जायचे टेकडीवाल्यांकडे. टेकडीवाले म्हणाले, असले तळवे लावलेला बूट आमच्या देशात पाऊल टाकणार नाही. धक्केवाले म्हणाले, त्यांना बूट विकायचे असतील तर आमचे तळवे विसरा. मालक वस्ताद. त्याने बायकांची एक रांग जुने शिक्के खरवडायला बसवली आणि दुसरी रांग नवे शिक्के मारायला. दोन्ही देशांनी आपापले तपासनीस नेमले. ते समोरासमोर आले तर गहजब, म्हणून एकाला सकाळची वेळ दिली आणि दुसऱ्याला दुपारची. त्यापायी कारखान्याची पाळी सकाळी साडेसातला लागली आणि फाटक साडेसातच्या ठोक्याला बंद होऊ लागलं. भरती-ओहोटी बघून कामाला पोचायचे दिवस संपले.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण धक्केवाल्यांनी बंदराला भेट म्हणून पाणी मोजायचं यंत्र दिलं. आठवड्याच्या आत टेकडीवाल्यांनी त्याहून मोठं दिलं. दोन्ही यंत्रं हुशार, दोन्ही आकडे आपोआप दाखवणारी. गोम एवढीच की दोघांचा शून्य आपापला. धक्केवाले त्यांच्या खोल धक्क्याच्या तळापासून मोजत, टेकडीवाले त्यांच्या नकाशातल्या कुठल्याशा रेषेपासून. काठीवर पाच असले की एक यंत्र साडेनऊ म्हणे आणि दुसरं सात. खडकाशी दोघांनाही काडीचं देणंघेणं नव्हतं.

फूटपट्टींनी रीतसर पत्र लिहिलं. कळविण्यात येते की दोन यंत्रे दोन आकडे दाखवीत असून काठी तिसरा दाखवीत आहे, तरी योग्य ते आदेश व्हावेत. राजधानीत बैठक बसली. सतरा माणसं होती, त्यातल्या एकानेही समुद्रात कधी गुडघाभर पाय घातला नव्हता. एकाचा आकडा घ्यावा तर दुसरा रुसणार. तेव्हा ठरलं की दोन्ही आकड्यांची सरासरी काढून तीच खडकावरची खोली म्हणून जाहीर करावी. काठीबद्दल एक ओळ होती: सदर काठी कोणत्याही मित्रराष्ट्राने दिलेली नसल्यामुळे ग्राह्य धरता येत नाही, ती काढून टाकण्यात यावी.

काठी काढली. दोन माणसांना दीड दिवस लागला, एवढी ती घट्ट बसली होती.

फूटपट्टींना बंदर अधिकाऱ्याच्या खोलीत बोलावून एका कागदावर सही घेतली. बंदराची खोली हा आता संरक्षणाचा विषय झाला होता. जाहीर आकड्याखेरीज दुसरा कुठलाही आकडा ते कोणाही व्यक्तीस, कुटुंबीयांसह, सांगणार नाहीत, असा तो कागद होता. फूटपट्टींनी तो तीनदा वाचला, एका ठिकाणी स्वल्पविराम राहिला होता तो घालून मागितला, आणि सही ठोकली. फळ्याशेजारी एक सुरक्षारक्षक उभा राहू लागला.

पहिल्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सरासरी काढताना दशांश आला, आणि खरं सांगायचं तर मनातून त्यांना बरं वाटलं. एकतीस वर्षांत दशांश लिहायची संधी मिळाली नव्हती. बारा पूर्णांक पंचवीस शतांश त्यांनी असं रेखून लिहिलं की लोक बघायला थांबले. फळ्यावर दशांश म्हणजे काहीतरी सुधारणा असणार, असं गावाला वाटलं. लेकीलाही तेच वाटलं. "बाबा, आता तुमचा फळा परदेशी झाला," ती म्हणाली.

पण काठी गेली म्हणून डोळे थोडेच जातात? धक्क्याच्या दगडांवरची ओली रेघ बघून खडकावर किती पाणी आहे हे फूटपट्टींना झोपेतही कळलं असतं. फळ्यावर बारा पूर्णांक पंचवीस लिहिताना डोक्यात नऊ असायचे. खरा आकडा आणि जाहीर आकडा यांत सव्वातीन फुटांची तफावत, रोज, नेमाने. आठ महिने काही बिघडलं नाही, कारण बहुतेक दिवस पाणीच एवढं असायचं की खोट्या आकड्यानेही होड्या निघून जात. शिसंवाल्यांचं शिसं होतंच; ते फळ्याशी जुळलं नाही तर दशांशापुढे आपलीच दोरी चुकली असेल असं ते समजत. ओहोटी फार मोठी असली की मात्र यांचा जीव खालीवर व्हायचा. अशा दिवशी ते लेकीला म्हणायचे, "आज जरा हळू ने."

ती हसायची. "बाबा, जरा म्हणजे किती फूट?"

बायकोला संशय आला होता. ती गावातली शिवणकाम करणारी, कापडाचा आणि नवऱ्याचा पोत बोटांनी ओळखणारी. "तुमच्या पोटात काहीतरी आहे," ती म्हणायची. "आठ महिने ताटातलं ताटात ठेवून उठता. कसली सरासरी काढता जेवणाची?" फूटपट्टी हात धुवायला उठायचे.

मग ती अमावास्येची सकाळ आली. वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी, आणि ती नेमकी सातच्या सुमाराला. सहा पन्नासला फूटपट्टी फळ्यापुढे उभे होते. एक यंत्र आठ म्हणत होतं, दुसरं साडेपाच. त्यांनी लिहिलं पावणेसात. दगडावरची रेघ सांगत होती साडेतीन.

लेक डबा घेऊन आली, फळ्याकडे बघून म्हणाली, "पावणेसात. छान."

"भरली आहे का लाँच?"

"तेहतीस माणसं."

"आठला गेलीस तर?"

"फाटक साडेसातला बंद होतं, बाबा. दिवस कापतात त्यांचा. आणि पावणेसात आहे की पाणी."

फूटपट्टींनी तोंड उघडलं. शेजारचा सुरक्षारक्षक उगाच खाकरला, बिचाऱ्याला सर्दी होती. फूटपट्टींना वाटलं तो आपल्यालाच खाकरतोय. "जरा हळू ने," ते म्हणाले. ती गेली.

लाँच खडकावर बसली तो आवाज धक्क्यापर्यंत आला. तळ उभा फाटला. तेहतीस माणसं समुद्राच्या मध्यावर खडकाच्या माथ्यावर उभी राहिली, कुणाला कमरेएवढं पाणी, कुणाला छातीएवढं, डबे डोक्यावर धरून. फळ्यावर त्या वेळी पावणेसात फूट पाणी होतं. मासेमारीच्या होड्यांनी सगळ्यांना काढलं. शिक्के खरवडणाऱ्या एका बाईचा हात मोडला, बाकी जीव वाचले, हे नशीब. लाँच दुपारपर्यंत बुडाली. सगळ्यात शेवटी उतरली ती लेक, आणि धक्क्यावर आल्यावर ती कितीतरी वेळ एकच वाक्य बोलत होती, "फळ्यावर पावणेसात होते."

आता दोन्ही बड्या देशांना मदतीचा उमाळा आला. टेकडीवाले म्हणाले, सुरुंग लावून खडक उडवतो. धक्केवाले उसळले: खडक उडाला तर तुमच्या मोठ्या नौका आत घुसतील, खडकाला हात लावाल तर बघा. राजधानीत पुन्हा बैठक झाली आणि खडक हा परिसरातल्या शांततेचा आधार असल्याचं जाहीर झालं. खडकाला संरक्षण मिळालं. बोटींना मिळायचं राहिलं.

मग चौकशी. बंदर कार्यालयाच्या माडीवर लांब टेबल, मधोमध निवृत्त न्यायाधीश, दोन टोकांना दोन देशांचे निरीक्षक. दोघांच्या खुर्च्या न्यायाधीशापासून सारख्या अंतरावर हव्यात म्हणून सकाळी शिपायाने दोरीने अंतर मोजलं होतं. आरोप असा की जाहीर खोली पावणेसात फूट होती, लाँचला लागतात साडेचार, म्हणजे खडकाला लागणं शक्यच नव्हतं; ज्याअर्थी लागली त्याअर्थी चालवणारीने काहीतरी भलतंच केलं. शिक्षा ठरलेली होती, परवाना कायमचा रद्द. लाँच गेली तर दुसरी मिळते, दुसऱ्याची चालवता येते. परवाना गेला की त्या मुलीचं आयुष्य किनाऱ्यावर.

साक्षीच्या सकाळी बायको नवऱ्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होती. "तिथे जाऊन बोलणार आहात काही," तिने विचारलं, "की गुळणी धरून बसणार?" फूटपट्टींनी सदरा घेतला. बटणं लावून झाल्यावर त्यांनी ती एकदा मोजली. नोकरीची दोन वर्षं राहिली होती, त्यानंतर निवृत्तिवेतन, आणि तो कागद मोडला तर तुरुंगसुद्धा. आयुष्यात त्यांनी एक हुकूम मोडला नव्हता. चौकशीच्या खोलीत लेक समोरच्या बाकावर आईजवळ बसली होती.

"त्या सकाळी खडकावर किती पाणी होतं?" न्यायाधीशांनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं, उत्तर त्यांच्यापुढे टाइप करून ठेवलेलं होतं.

"साडेतीन," फूटपट्टी म्हणाले.

दोन्ही टोकांचे निरीक्षक एकदम ताठ झाले. गेल्या दोन वर्षांत त्यांनी एकत्र केलेली ही पहिली गोष्ट.

"कोणत्या यंत्राप्रमाणे?"

"यंत्राप्रमाणे नाही, साहेब. डोळ्यांनी. दगडावरच्या रेघेवरून."

"हे तुम्हाला नंतर कळलं की त्या वेळी?"

लेकीचा परवाना याच उत्तरावर होता. नंतर कळलं म्हटलं तर साक्षीला चवलीचीही किंमत नव्हती. "त्याच वेळी," ते म्हणाले. "सहा पन्नासला. आठ महिने रोज कळतंय. फळ्यावरचा आकडा खडकाचा नाहीच, साहेब. तो कुठलाच नाही. तिची काही चूक नाही. तिने फळा बघितला, फळा मी लिहिला होता." एवढं एका दमात ते बायकोशीसुद्धा कधी बोलले नव्हते. बाकाकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

खोलीत कुजबुज झाली. परराष्ट्र खात्याच्या सल्लागाराने न्यायाधीशांच्या कानाला तोंड लावलं. बराच वेळ लावलं. मग न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि ते मोठ्या मायेने म्हणाले, "समितीला सत्य डावलायचं नाही. साक्षीदार जुना, प्रामाणिक आहे. त्याचाही आकडा आपण विचारात घेऊ. आठ, साडेपाच आणि साडेतीन. तिन्हींची सरासरी किती होते?"

सल्लागार कागद शोधू लागला, लेखनिकाची पेन्सिल मोडली. आणि फूटपट्टींच्या तोंडून, कुणी त्यांना विचारलेलं नसताना, सवयीने निघून गेलं, "पाच पूर्णांक सहासष्ट. म्हणजे सदुसष्ट धरावे लागतील."

"सदुसष्ट धरा," न्यायाधीश लेखनिकाला म्हणाले. "पाच पूर्णांक सदुसष्ट. लाँचला लागतात साडेचार. म्हणजे तरीही फूटभराच्या वर पाणी शिल्लक होतं." ते थोडे हळहळलेही. परवाना रद्द झाला. दोन्ही निरीक्षकांनी निकालाचं स्वागत केलं. साक्षीदारावर गोपनीयतेचा कागद मोडल्याबद्दल काय करायचं ते पुढच्या बैठकीवर ढकललं. त्याने सांगितलेला आकडा आता सरासरीत गेला होता, तेव्हा तो गुप्त म्हणावा की जाहीर, यावर मतभेद होते.

जिन्यात फूटपट्टींनी लेकीला गाठलं. बायको पुढे उतरली होती, ती मुद्दामच थांबली नाही.

"सहा पन्नासला," लेक म्हणाली. "मी डबा घेऊन तुमच्यासमोर उभी होते."

"हो."

"तुम्हाला साडेतीन माहीत होते."

"हो. पण तो कागद होता ना बाळा, सही केलेली, त्यात स्पष्ट—"

"त्यात असं लिहिलं होतं, की घरच्यांनाही सांगायचं नाही?"

"कुटुंबीयांसह," फूटपट्टी म्हणाले. "तिसऱ्या ओळीत."

तिने मान हलवली, त्यांच्या खांद्यावरची इस्त्रीची एक सुरकुती हाताने सरळ केली आणि ती खाली उतरून गेली. फूटपट्टी जिन्यातच बसले आणि रडू लागले. वरून उतरणारे दोन्ही देशांचे निरीक्षक त्यांच्या दोन बाजूंनी, सारखं अंतर ठेवून, निघून गेले.